हात दाखवा, मगच वळा
ठाणे व कल्याण-डोंबिवलीच्या रहदारीतील सायकलस्वार आणि हाताच्या खुणा

‘हात दाखवून अवलक्षण’ अशी एक म्हण मराठीत आहे. नसते संकट आपण होऊन ओढवून घेणाऱ्याला उद्देशून ती वापरली जाते. रहदारीच्या रस्त्यावर मात्र या म्हणीचा अर्थ नेमका उलटा होतो. तेथे हात न दाखवता वळणे हेच अवलक्षण ठरते. मागून येणाऱ्या वाहनाला कसलीही सूचना न देता सायकलस्वार एकाएकी उजवीकडे वळतो, खड्डा चुकविण्यासाठी रस्त्याच्या मध्याकडे सरकतो किंवा ओळखीचा माणूस दिसताच जागच्या जागी थांबतो. मागच्या चालकाला त्याचा हेतू कळत नाही. तो कळेपर्यंत दोघांमधील अंतर संपलेले असते.

मोटारीला दिशादर्शक दिवे असतात व मागे थांब्याचा तांबडा दिवा असतो. सायकलस्वाराजवळ यांपैकी काहीही नसते. आपला हेतू इतरांना कळविण्याचे त्याचे एकमेव साधन म्हणजे त्याचा हात. या साधनाला किंमत पडत नाही, ते बिघडत नाही आणि ते प्रत्येकाजवळ असते. असे असूनही आपल्या शहरांतील व गावांतील रस्त्यांवर ते फारच थोडे सायकलस्वार वापरताना दिसतात. याचे कारण निष्काळजीपणापेक्षा अज्ञान हे अधिक आहे. मोटार चालविणाऱ्याला परवान्यासाठी परीक्षा द्यावी लागते. सायकलस्वाराची परीक्षा मात्र कोणीही घेत नाही. ती थेट रस्ताच घेतो.

वाढती नगरे, जुने रस्ते

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे ही देशातील पहिली प्रवासी रेल्वे धावली आणि पुढील वर्षी, १८५४ मध्ये, लोहमार्ग कल्याणपर्यंत पोहोचला. तेव्हापासून या भागाची वाढ रेल्वे स्थानकांच्या भोवती होत गेली. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना १९६२ मध्ये झाली व ठाण्याच्या वागळे इस्टेटपासून त्याच्या औद्योगिक वसाहतींच्या उभारणीस प्रारंभ झाला. त्यानंतर डोंबिवलीचीही औद्योगिक वसाहत आकारास आली. घरापासून कारखान्यापर्यंत आणि घरापासून स्थानकापर्यंत जाण्यासाठी सामान्य कामगाराला परवडणारे वाहन म्हणजे सायकल होते. ठाण्यातील नितीन कंपनी नाका, कॅडबरी नाका ही नावे आजही त्या कारखानदारीच्या काळाची आठवण देतात.

ठाणे महानगरपालिका १९८२ मध्ये व कल्याणची महानगरपालिका १९८३ मध्ये अस्तित्वात आली. २०११ च्या जनगणनेत ठाणे महानगरपालिका क्षेत्राची लोकसंख्या १८ लाखांहून अधिक, तर कल्याण-डोंबिवलीची १२ लाखांहून अधिक नोंदविली गेली. लोकसंख्येच्या या वाढीबरोबर मोटारी, स्कूटरी, रिक्षा आणि मालवाहू वाहने वाढली. पण नौपाड्याचा गोखले मार्ग, डोंबिवलीचा फडके रस्ता अथवा कल्याणच्या शिवाजी चौकालगतचे बाजाररस्ते यांची रुंदी त्या प्रमाणात वाढणे शक्य नव्हते. लोहमार्गामुळे डोंबिवलीचे पूर्व व पश्चिम असे दोन भाग झाले असून ते ओलांडण्याच्या जागा मोजक्या आहेत. त्यामुळे सर्व प्रकारची वाहने त्याच पुलांवर येऊन मिळतात. कल्याणचा ब्रिटिशकालीन पत्रीपूल २०१८ मध्ये पाडण्यात आला व नवा पूल २०२१ मध्ये खुला झाला. या दरम्यानच्या काळात पुलावरील कोंडीचा जो अनुभव नागरिकांना आला, त्यावरून एकेका पुलावर किती भार आहे याची कल्पना येते.

दुसरीकडे घोडबंदर रस्ता, मुंबई-नाशिक महामार्ग आणि कल्याण-शिळ रस्ता हे लांब पल्ल्याच्या वाहतुकीचे मार्ग आहेत. न्हावाशेवा बंदरातून गुजरातकडे जाणारी अवजड कंटेनर वाहनेही घोडबंदर रस्त्याचा उपयोग करतात. याच मार्गांच्या कडेने दूधवाले, पाववाले, वर्तमानपत्रे टाकणारी मुले, इमारतींवरील रखवालदार, बांधकाम मजूर आणि शाळकरी विद्यार्थी सायकलीने ये-जा करतात. हौसेने व आरोग्यासाठी पहाटे सायकल चालविणाऱ्यांची त्यांत भर पडली आहे. एकाच रस्त्यावर ताशी पंधरा किलोमीटर वेगाचे वाहन आणि ताशी साठ किलोमीटर वेगाचे वाहन एकत्र चालते, तेव्हा परस्परांचा हेतू परस्परांना आधी कळणे हाच सुरक्षिततेचा पहिला आधार होय.

देशात २०२२ या एका वर्षात रस्त्यांवरील अपघातांत १,६८,४९१ व्यक्ती मृत्युमुखी पडल्याची नोंद केंद्र शासनाच्या अहवालात आहे. त्यांत मोटारसायकल व स्कूटरवरील व्यक्ती आणि पादचारी यांचाच वाटा निम्म्याहून बराच अधिक होता. सायकलस्वारही याच वर्गात मोडतो. भोवती पत्र्याचे कवच नसलेल्या माणसाला टक्कर झाल्यानंतर वाचविणे कठीण असते. त्याचे खरे संरक्षण टक्कर होण्यापूर्वीच व्हावे लागते.

कायदा काय सांगतो

मोटार वाहन अधिनियम, १९८८ हा यांत्रिक शक्तीने चालणाऱ्या वाहनांना लागू होतो. पायाने चालविली जाणारी सायकल त्याच्या व्याख्येत येत नाही. म्हणून सायकलीला नोंदणी लागत नाही व सायकलस्वाराला परवानाही लागत नाही. एका ठरावीक मर्यादेपर्यंत शक्ती व वेग असलेल्या विजेवरील सायकलींनाही अशीच सूट देण्यात आली आहे. परंतु यावरून सायकलस्वाराला रस्त्याचे नियमच लागू नाहीत, असा जो समज आढळतो तो चुकीचा आहे. मुंबई पोलीस अधिनियम, १९५१, म्हणजेच आताचा महाराष्ट्र पोलीस अधिनियम, यातील ‘वाहन’ या शब्दाच्या व्याख्येत सायकलीचा समावेश आहे. रस्त्याच्या डाव्या बाजूने वाहन चालविणे आणि पुढील वाहन ओलांडताना त्याच्या उजवीकडून जाणे हे बंधन त्यामुळे सायकलस्वारावरही आहे. रहदारीचे नियमन करण्याचा पोलिसांचा अधिकारही सर्व प्रकारच्या वाहनांसंबंधी आहे.

जुन्या पिढीतील वाचकांना सायकलीवरील कराचा पत्र्याचा बिल्ला, रात्री सायकलीला दिवा नसल्यास होणारी तपासणी आणि ‘डबलसीट’ला असलेली मनाई आठवत असेल. त्या काळी सायकल हे नियमांच्या कक्षेतील वाहन आहे याची जाणीव चालविणाऱ्याला सहज होत असे. बिल्ला गेला आणि ती जाणीवही हळूहळू मागे पडली.

हाताच्या खुणांचे नियम मोटारचालकांसाठी १९८९ च्या रस्त्याच्या नियमावलीत तपशीलवार दिलेले होते. २०१७ मध्ये त्या नियमावलीची जागा नव्या वाहनचालन विनियमांनी घेतली. पादचारी, सायकलस्वार, मुले, वृद्ध आणि अपंग व्यक्ती यांची विशेष काळजी घेण्याचे बंधन या विनियमांनी मोटारचालकांवर घातले आहे. रस्ते वाहतुकीविषयीचा आंतरराष्ट्रीय करार १९६८ मध्ये व्हिएन्ना येथे झाला व भारत १९८० मध्ये त्यात सहभागी झाला. किमान एक हात मुठीवर असल्याशिवाय सायकल चालवू नये, दुसऱ्या वाहनाला धरून ओढले जाऊ नये आणि चालविण्यात अडथळा येईल असे ओझे नेऊ नये, अशी कलमे त्यात सायकलस्वारांसाठी आहेत. ही कलमे साधी वाटली तरी चढावर ट्रकची साखळी धरून जाणारी मुले आणि मुठीला दोन्ही बाजूंनी पिशव्या लटकावून जाणारे सायकलस्वार पाहिले म्हणजे त्यांचे महत्त्व पटते.

खुणा कोणत्या ?

सायकलस्वाराने लक्षात ठेवावयाच्या मुख्य खुणा चारच आहेत.

उजवीकडे वळणे : उजवा हात खांद्याच्या उंचीवर सरळ आडवा पसरावा व तळवा पुढच्या बाजूस ठेवावा. उभे वाहन अथवा हातगाडी ओलांडण्यासाठी उजवीकडे सरकतानाही हीच खूण करावी.

डावीकडे वळणे : मोटारचालकासाठीच्या जुन्या नियमात उजवा हात बाहेर काढून तो घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने गोल फिरवावा, असे सांगितले होते. चालक मोटारीच्या उजव्या बाजूस बसतो व त्याचा डावा हात बाहेरून दिसू शकत नाही, हे त्यामागील कारण होते. सायकलस्वार उघड्यावर बसलेला असतो. त्याचा डावा हातही मागून स्पष्ट दिसतो. त्यामुळे ब्रिटनसह अनेक देशांत सायकलस्वार डावीकडे वळताना डावा हातच सरळ पसरतात. ज्या दिशेस वळावयाचे त्या दिशेस हात, ही पद्धत लहान मुलाला एकदा सांगितली तरी समजते आणि वाहतुकीचे पुस्तक न वाचलेल्या चालकालाही तिचा अर्थ लागतो. तथापि उजवा हात गोल फिरविण्याची खूणही ओळखता आली पाहिजे, कारण काही अनुभवी चालक तिचा उपयोग करतात.

वेग कमी करणे : उजवा हात बाजूस पसरून तळवा जमिनीकडे करावा आणि हात सावकाश खालीवर हलवावा.

थांबणे : उजवा हात कोपरात वाकवून कोपरापासून पुढचा भाग सरळ वर उभा धरावा व बोटे मिटू नयेत.

खूण नेमकी असली पाहिजे. बोटाने किंवा मानेने केलेला पुसट इशारा मागच्या चालकाला दिसत नाही. हात अर्धवट खाली लोंबता ठेवला तर तो वळण्याचा इशारा आहे की थकवा घालविण्यासाठी हात मोकळा सोडला आहे, हे कळत नाही. तसेच खूण एकच असावी. उजवा हात दाखवून डावीकडे जाणारा सायकलस्वार खूण न करणाऱ्यापेक्षाही अधिक धोका निर्माण करतो.

खूण केव्हा करावी ?

खूण कशी करावी यापेक्षा ती केव्हा करावी हे अधिक महत्त्वाचे आहे. येथे थोडे गणित उपयोगी पडते. ताशी १५ किलोमीटर वेगाने जाणारी सायकल एका सेकंदात ४ मीटरांहून थोडे अधिक अंतर कापते. ताशी ४० किलोमीटर वेगाची मोटार सेकंदाला सुमारे ११ मीटर पुढे जाते. म्हणजे दर सेकंदास मोटार सायकलीच्या ७ मीटर जवळ येते.

रस्त्यांची आखणी करताना भारतीय रस्ते परिषदेच्या मानकांत चालकाला धोका दिसल्यापासून त्याने ब्रेक लावेपर्यंतचा काळ अडीच सेकंद धरला आहे. ताशी ४० किलोमीटर वेगाची मोटार तेवढ्या अवधीत जवळजवळ २८ मीटर पुढे गेलेली असते आणि ब्रेक लावल्यानंतर पूर्ण थांबेपर्यंत आणखी काही अंतर जाते. म्हणून या वेगासाठी ४५ मीटर व ताशी ६० किलोमीटर वेगासाठी ८० मीटर अंतर स्पष्ट दिसले पाहिजे, असे मानले जाते. पावसाने रस्ता ओला असेल, वाहनावर माल लादलेला असेल किंवा ब्रेक जुने असतील तर सावधगिरीचे अंतर याहून अधिक ठेवावे लागते.

यावरून दोन गोष्टी स्पष्ट होतात. वळता वळता केलेली खूण निरुपयोगी असते, कारण त्या क्षणी मागचे वाहन १५ मीटरांवर असेल तर चालकाचा पाय ब्रेकवर पडण्यापूर्वीच सर्व काही घडून गेलेले असते. दुसरे असे की खूण वळणाच्या सुमारे पाच सेकंद आधी सुरू करणे योग्य होय. पाच सेकंदांत सायकल साधारण २० मीटर पुढे जाते. रस्त्यावरील दिव्याच्या दोन खांबांमधील अंतर सामान्यतः याहून थोडे अधिक असते. म्हणून ‘वळणाच्या आधीचा दिव्याचा खांब आला की तयारी सुरू’ असा सोपा नियम विद्यार्थ्यांना सांगता येईल.

या पाच सेकंदांतील क्रम असा असावा. प्रथम मान वळवून मागे पाहावे. मागील वाहन पुरेसे दूर असेल तरच हात पसरावा व मनात एक, दोन, तीन असे अंक मोजेपर्यंत तो तसाच स्थिर ठेवावा. नंतर पुन्हा एकदा मागे पाहून मागचा चालक वेग कमी करीत आहे याची खात्री करावी. शेवटी हात मुठीवर परत आणून दोन्ही हातांनी वळण घ्यावे. ‘पाहा, दाखवा, पुन्हा पाहा, मग वळा’ या चार सूचनांत हा क्रम सामावतो. त्यातील ‘पुन्हा पाहा’ हा टप्पा बहुतेक जण गाळतात.

हात दाखविणे ही सूचना आहे. तो हक्क नव्हे, हे येथे आवर्जून सांगितले पाहिजे. हात दाखविला म्हणजे मागच्याने थांबलेच पाहिजे असे मानून वळणारा सायकलस्वार आपला जीव दुसऱ्याच्या लक्षावर सोपवितो. राज्य परिवहनाची ‘हात दाखवा, बस थांबवा’ ही योजना सर्वांच्या परिचयाची आहे. तेथेही हात दाखविणारा प्रवासी बस थांबेपर्यंत रस्त्याच्या कडेलाच उभा राहतो. चालत्या बसपुढे जात नाही.

एका हाताने सायकल

हातखुणा न करण्यामागे एक प्रामाणिक अडचणही आहे. पुष्कळ सायकलस्वारांना, विशेषतः मुलांना व नव्याने शिकलेल्या प्रौढांना, एक हात सोडला की तोल सांभाळता येत नाही. मागे पाहताना सायकल नकळत त्याच दिशेला वळते. ही अडचण सरावाने दूर होते. परंतु तो सराव रहदारीत नव्हे, मैदानावर व्हावयास हवा.

ब्रेकचाही विचार केला पाहिजे. आपल्याकडील बहुतेक सायकलींना उजव्या मुठीशी पुढच्या चाकाचा व डाव्या मुठीशी मागच्या चाकाचा ब्रेक असतो. उजवा हात दाखविताना डावा हात मागच्या ब्रेकवर राहतो व वेग सावकाश आवरता येतो. डावा हात पसरला असता मात्र हाती केवळ पुढचा ब्रेक उरतो. तो घाबरून एकदम दाबला तर चाक घसरण्याचा अथवा स्वार पुढे फेकला जाण्याचा संभव असतो. म्हणून डावीकडे वळण्यापूर्वी वेग आधीच कमी करून घ्यावा आणि नंतरच हात दाखवावा. उतारावर, खडीवर, खड्ड्यांच्या पट्ट्यात किंवा ओल्या रस्त्यावर हात सोडणे धोक्याचे वाटल्यास दोन्ही हात मुठीवर ठेवून वेग कमी करावा, कडेला थांबावे आणि रस्ता मोकळा झाल्यावर पुढे जावे. खूण करण्यासाठी तोल घालविणे शहाणपणाचे नाही.

पावसाळ्यात या प्रश्नाला आणखी धार येते. जून ते सप्टेंबर या काळात एका हातात छत्री धरून सायकल चालविणाऱ्याला हात दाखविणे शक्यच नसते. रेनकोटाच्या सैल बाहीत हात दिसेनासा होतो. पाण्याखाली झाकलेले खड्डे चुकविण्यासाठी सायकल वारंवार रस्त्याच्या मध्याकडे न्यावी लागते. अशा वेळी छत्रीऐवजी फिकट किंवा भडक रंगाचा, बाही मनगटाशी आवळता येणारा रेनकोट वापरणे हितावह ठरते. रात्री हात दिसावा म्हणून मनगटावर प्रकाश परावर्तित करणारी पट्टी बांधावी. सायकलींवरील परावर्तकांच्या दर्जाबाबत केंद्र शासनाने २०२० मध्ये गुणवत्ता नियंत्रण आदेश काढला आहे. जुन्या सायकलींना मागे तांबडा परावर्तक व पुढे दिवा बसवून घेणे फार खर्चाचे नाही.

जेथे हात पुरेसा नाही

प्रत्येक ठिकाणी हात दाखवून वळणे सुरक्षित असतेच असे नाही. तीन हात नाका, माजिवडा, कापूरबावडी यांसारख्या ठाण्यातील मोठ्या चौकांत उजवीकडे जाण्यासाठी सायकलस्वाराला वेगवान वाहनांच्या अनेक रांगा ओलांडून रस्त्याच्या मध्याकडे यावे लागते. अशा जागी दोन टप्प्यांत वळणे हा उत्तम उपाय आहे. सायकलस्वाराने डाव्या कडेनेच सरळ चौक ओलांडावा, पलीकडच्या कोपऱ्यात थांबावे आणि त्या बाजूचा हिरवा दिवा लागल्यावर सरळ पुढे जावे. ते शक्य नसल्यास खाली उतरून सायकल हातात धरावी व पादचाऱ्यांच्या पट्ट्यांवरून चालत जावे. यात एखादा मिनिट अधिक जातो, एवढेच.

डोंबिवलीच्या घरडा सर्कलसारख्या गोल चौकात शिरण्यापूर्वी उजवीकडून येणाऱ्या वाहनांना वाट द्यावी आणि बाहेर पडताना डाव्या हाताची खूण करावी. पूर्व द्रुतगती महामार्गावर उड्डाणपुलाच्या तोंडाशी वेगवान वाहने पुलावर चढतात व इतर वाहने डावीकडे फुटतात. त्या दुभाजनाजवळ सायकलस्वार मध्ये सापडतो. म्हणून त्याने शक्यतो सेवारस्त्याचाच उपयोग करावा.

सर्वांत मोठा धोका डावीकडे वळणाऱ्या बस, ट्रक व कंटेनर यांच्यापासून असतो. लांब वाहन वळताना त्याचे मागील चाक पुढील चाकाच्या मार्गाने न जाता कडेकडे ओढले जाते. त्या वेळी डाव्या बाजूस असलेला सायकलस्वार चालकाला आरशातही दिसत नाही. त्याने दाखविलेला हात तेथे व्यर्थ ठरतो, कारण तो पाहणारे कोणीच नसते. यास्तव सिग्नलजवळ अवजड वाहनाच्या डाव्या बाजूने पुढे घुसू नये. त्याच्या मागे थांबावे. चालकाचा आरसा आपल्याला दिसत नसेल तर चालकालाही आपण दिसत नाही, ही खूणगाठ बांधावी.

मोटारचालकाची जबाबदारी

खूण ही दोघांमधील भाषा आहे. एकाने बोलावे आणि दुसऱ्याने ऐकूच नये, तर भाषा टिकत नाही. सायकलस्वाराने हात पसरलेला दिसताच भोंगा वाजवून त्याच्या उजवीकडून झपाट्याने पुढे निघून जाण्याची जी सवय अनेक चालकांत आढळते, तिचा परिणाम असा होतो की सायकलस्वाराचा हाताच्या खुणेवरील विश्वासच उडतो. हात दाखवूनही कोणी थांबत नाही, मग दाखवावा कशाला, असा विचार तो करू लागतो. रिक्षा, बस व मालवाहू वाहनांचे चालक दिवसभर याच रस्त्यांवर असतात. त्यांनी सायकलस्वाराची खूण पाहून वेग कमी केला आणि त्याला वाट दिली, तर इतर चालकही तो धडा घेतील. शिकाऊ परवान्याच्या चाचणीत वाहतुकीच्या खुणांचे ज्ञान तपासले जाते. ते ज्ञान उत्तरपत्रिकेपुरतेच राहू नये.

शाळांमध्ये काय करता येईल ?

नेदरलँड्समध्ये प्राथमिक शाळेतील मुलांची रहदारीविषयक परीक्षा घेण्याची परंपरा आहे. तीत मुले प्रत्यक्ष रस्त्यावर सायकल चालवून दाखवितात. वळण्यापूर्वी मागे पाहिले की नाही व हात दाखविला की नाही, हेही पाहिले जाते. महाराष्ट्रात रस्ता सुरक्षा पथक, म्हणजेच आरएसपी, ही शालेय योजना अनेक वर्षे चालू असून ठाणे व कल्याण-डोंबिवलीतील शाळा व शिक्षक तीत सहभागी होत आले आहेत. या पथकांच्या कार्यक्रमात सायकल चालविण्याच्या सरावाची जोड देणे सहज शक्य आहे.

यासाठी वेगळ्या खर्चाची गरज नाही. शाळेच्या मैदानावर फक्कीने सुमारे ४० मीटर लांबीची सरळ पट्टी आखावी व तिच्या शेवटी चौकाची आकृती काढावी. पहिल्या दिवशी विद्यार्थ्याने पट्टीबाहेर न जाता एका हाताने सायकल चालवावी. प्रथम उजवा व नंतर डावा हात मोकळा ठेवावा. दुसऱ्या दिवशी शिक्षकांनी मागे उभे राहून हाताची काही बोटे वर करावीत आणि विद्यार्थ्याने चालत्या सायकलवरून मागे पाहून त्यांची संख्या मोठ्याने सांगावी. नुसते मान वळविणे आणि खरोखर पाहणे यांतील फरक या साध्या खेळातून त्याला कळतो. तिसऱ्या दिवशी वळणाच्या २० मीटर आधी ठेवलेल्या विटेपाशी क्रम सुरू करून चौकात वळावे. चौथ्या दिवशी काही विद्यार्थ्यांनी मागून येणाऱ्या वाहनांची भूमिका करावी. त्यांतील एकाने मुद्दाम थांबू नये आणि पुढच्याने ते ओळखून वळण टाळावे. हा शेवटचा पाठ सर्वांत मोलाचा आहे. ज्याला हात दाखवूनही न वळता थांबता येते, तोच रस्त्यावर जाण्यास तयार झाला असे समजावे.

सायकल तपासणीचाही एक तास ठेवावा. ब्रेक, घंटा, साखळी, चाकातील हवा, परावर्तक आणि आसनाची उंची या गोष्टी विद्यार्थ्यांनीच एकमेकांच्या सायकलींवर तपासाव्यात. पाय जमिनीला टेकत नाहीत अशा मोठ्या सायकलीवर बसणाऱ्या मुलाला एका हाताने तोल सांभाळता येणार नाही, हे पालकांच्याही लक्षात आणून द्यावे.

ग्रामपंचायतींची भूमिका

हा प्रश्न केवळ शहरांचा नाही. कल्याण-शिळ रस्ता, कल्याण-मुरबाड रस्ता आणि नाशिक महामार्ग यांच्या कडेची गावे आता शहरी रहदारीच्या तोंडावर आली आहेत. गावातील शांत रस्त्यावर सायकल शिकलेला मुलगा एका वळणावर थेट महामार्गाला लागतो. राज्यात मानव विकास कार्यक्रमांतर्गत दुर्बल तालुक्यांतील गरजू विद्यार्थिनींना शाळेत जाण्यासाठी सायकली देण्यात येतात. सायकलीमुळे मुलींचे शिक्षण अखंड राहण्यास साहाय्य होते, यात शंका नाही. सायकल वाटपाच्या दिवशीच अर्धा तास हातखुणांचे प्रात्यक्षिक ठेवल्यास त्या साहाय्याला सुरक्षिततेची जोड मिळेल.

ग्रामपंचायत सदस्यांना आणखी काही गोष्टी करता येतील. गावरस्ता मोठ्या रस्त्याला जेथे मिळतो तेथील झुडपे व फलक दूर केल्यास सायकलस्वाराचा पसरलेला हात दुरून दिसू शकेल. पावसाळ्यानंतर डांबरी रस्त्याची कड आणि साईडपट्टी यांत पडणारी खोल पायरी भरून घेण्यासाठी संबंधित विभागाकडे पाठपुरावा करावा. कारण या पायरीमुळे सायकलस्वाराला कडेला उतरता येत नाही व तो रस्त्याच्या मध्याकडे ढकलला जातो. ग्रामसभेत आणि जानेवारीतील रस्ता सुरक्षा अभियानाच्या काळात या विषयाची चर्चा व्हावी. रस्ता सुरक्षा सप्ताह १९८९ पासून देशभर पाळला जात असून २०२१ मध्ये त्याला महिन्याचे स्वरूप देण्यात आले. या महिन्यात हेल्मेट व वेगमर्यादा यांच्या जोडीला सायकलस्वाराच्या हाताकडेही लक्ष वेधले जावे.

सवय हीच सुरक्षा

संयुक्त राष्ट्रांनी २०१८ पासून ३ जून हा दिवस जागतिक सायकल दिन म्हणून घोषित केला आहे. धूर न करणारे, इंधन न जाळणारे आणि गरिबालाही परवडणारे वाहन म्हणून सायकलीचा गौरव आज पुन्हा होऊ लागला आहे. सायकलींसाठी स्वतंत्र मार्ग होणे आवश्यकच आहे. परंतु असे मार्ग झाले तरी प्रत्येक मार्ग कोठे ना कोठे चौकाला येऊन मिळणारच. तेथे सायकलस्वाराला वळावे लागेल आणि वळण्यापूर्वी आपला हेतू इतरांना सांगावा लागेल.

रिकाम्या रस्त्यावरही, मागे कोणी नसतानाही, वळताना हात पसरण्याची सवय ज्याला लागली, त्याचा हात गर्दीच्या वेळी आपोआप उठतो. ही सवय दहा-बारा वर्षांच्या वयात सहज लागते. नंतर ती लावून घेण्यास प्रयास पडतात. ठाणे, कल्याण व डोंबिवलीच्या प्रत्येक शाळेने दरवर्षी आपल्या एका वर्गाला जरी हे शिक्षण दिले, तरी काही वर्षांत हात दाखवून वळणारी आणि दुसऱ्याने दाखविलेला हात पाहून थांबणारी एक पिढी या रस्त्यांवर येईल. त्यांतील बहुतेक मुले पुढे मोटारसायकल, रिक्षा किंवा मोटारही चालवितील. सायकलवर असताना पाठीमागे पाहावयास शिकलेला चालक पुढे मोटारीच्या काचेतून सायकलस्वाराकडेही अधिक जाणतेपणाने पाहील, अशी अपेक्षा बाळगावयास हरकत नाही.